मोटार आपण होऊन गिअर बदलते तेव्हां



गेल्या दिवाळींत माझा पुतण्या पुण्याहून स्वतःची मोटार घेऊन गोंदियास आला. गाडी दुसऱ्याकडून विकत घेतलेली. चाकणच्या कारखान्यांत तयार झालेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. हिच्यांत डाव्या पायाशीं क्लच नाहीं. गिअर आपोआप बदलतात. भाऊबिजेच्या सकाळीं त्यानें मला कोहमाऱ्याच्या रस्त्यानें गोरेगांवापर्यंत फिरवून आणलें आणि वाटेंत आपला बेत सांगितला. पुण्यांत कांहीं कारागीर गाडीला संगणक जोडून गिअरबॉक्सची आज्ञावली बदलून देतात. मग गाडी गिअर उशिरां आणि झटकन् बदलते, धांवण्याला रंग येतो. "काका, तुम्हीं शाळेंत विज्ञान शिकविलें. करूं का हें?" मी जुन्या मॅट्रिकपर्यंतचा मास्तर. उत्तर तत्काळ देतां आलें नाहीं. तें शोधतांना जें उमगलें तेंच आज आपणांपुढें ठेवतों.

आरंभ गोंदियापासूनच करूं. आमच्या भातगिरण्या सर्वश्रुत आहेत. पूर्वीं अशा गिरणींत एकच इंजिन असे, आणि लांब दांड्यावरून पट्ट्यांनीं सारीं यंत्रें फिरत. एखादें यंत्र चालू करावयाचें म्हणजे मिस्त्री लाकडी दांडक्यानें पट्टा मोकळ्या पुलीवरून घट्ट पुलीवर सरकवी. फार हळू सरकविला तर पट्टा घसरून जळका वास सुटे; एकदम ढकलला तर यंत्र दचके, प्रसंगीं पट्टाच उडून पडे. चांगल्या मिस्त्र्याचा हात या दोहोंच्या मधला. आपोआप चालणाऱ्या गिअरबॉक्सचें सारें मर्म त्या हातांत आहे.

असा यांत्रिक मिस्त्री मोठ्या प्रमाणावर प्रथम बाजारांत आणला तो अमेरिकेंतील जनरल मोटर्सनें. १९३९ सालीं, पुढील वर्षाच्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठीं, 'हायड्रा-मॅटिक' ही चार गिअरांची पेटी निघाली. दुसऱ्या महायुद्धांत तीच हलक्या रणगाड्यांतही बसविली गेली. तिच्यांत मधें सूर्यचक्र, भोंवतीं ग्रहचक्रें आणि बाहेर दातेरी कडें अशी रचना असते. यांपैकीं कोणतें धरून ठेवावें व कोणतें फिरूं द्यावें, यावर गिअर ठरतो. धरण्याचें काम तेलाच्या दाबानें चालणारे क्लच व पट्टे करतात. गिअर बदलतांना एक पकड सुटते, दुसरी बसते. पहिली फार लवकर सुटली तर इंजिन मोकळें होऊन ओरडतें; उशिरां सुटली तर दोन्ही पकडी एकमेकींशीं भांडतात आणि गाडी अडखळते.

पोलोंतील सात गिअरांची डीएसजी पेटी निराळ्या घडणीची आहे. तिच्यांत एका क्लचकडे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. तिसरा चालू असतां चौथा आधींच जुळवून ठेवलेला असतो. एका क्लचचा भार दुसऱ्यावर सोपविला कीं काम झालें. घडण वेगळी, तरी सुटण्या-धरण्याचा प्रश्न तोच.

आतां थोडें फळ्यावरचें गणित, तेंही ढोबळ. या पोलोच्या १.२ लिटर इंजिनाचा जास्तींत जास्त पीळ १७५ न्यूटन-मीटर. तो पूर्ण लागलेला आहे, क्लचच्या दोन बाजूंच्या वेगांत मिनिटाला १५०० फेऱ्यांचें अंतर आहे, आणि तें ०.६ सेकंदांत सारखें कमी होत मिटतें, असें धरूं. घर्षणानें सुमारें ८,२०० ज्यूल उष्णता निर्माण होईल. आपल्या घरांतलें दोन-अडीच तोळे पाणी उकळीस आणण्यास ती पुरेल. आणि हें एका गिअरबदलाला! तेंच अंतर ०.२ सेकंदांत मिटविलें तर ही उष्णता एक-तृतीयांशावर येते. इथवर ऐकून पुतण्या खूष झाला. पण इंजिनाचीं जड फिरतीं अंगें तेवढ्याच फेऱ्यांनीं मंद करावयाचीं असतात, आणि तें तिपटीच्या घाईनें करावयाचें तर बळही तिप्पट लागतें. तें बळ दात्यांना, दांड्यांना आणि आंत बसलेल्यांच्या मानेला सोसावें लागतें. म्हणून क्षणभर इंजिनाचाच पीळ कमी करण्याची आज्ञा संगणक देतो, व धक्का आवरतो.

म्हणजे जी गाडी लोण्यासारखी गिअर बदलते ती तेवढ्यावरून क्लचला दया दाखविते असें नव्हे. कधीं कधीं तें मऊपण घसरण्याच्या मोलानें विकत घेतलेलें असतें. कारखानदाराला तेंच करावें लागतें. तीच गाडी दवाखान्याकडे निघालेली आजीबाईही वापरणार आणि माझा पुतण्याही. शिवाय इंधन व धूर यांच्या कसोट्या असतात. त्यांसाठीं वरचा गिअर लवकर घातलेला बरा. शौकिनांची तक्रार याच जागीं सुरू होते.

ही तक्रार जुनी आहे. गेल्या शतकाच्या सहाव्या दशकांत अमेरिकेंतील शर्यतवाले हायड्रा-मॅटिक पेटी उघडून तिच्यांतील तेलाचा दाब वाढवीत. पुढें 'शिफ्ट किट' या नांवाच्या पुड्या विकूं लागल्या: कांहीं स्प्रिंगा, आणि तेलाच्या पत्र्याचीं भोकें किती मोठीं करावीं याच्या सूचना. पकड मऊ बसावी म्हणून मूळच्या पेटींत स्प्रिंगेवरचे दट्टे असत, त्यांचा मऊपणा या किटनें घटवीत. आज हेंच काम पेटी न उघडतां आज्ञावलीनें होतें, म्हणून तें सोपें व निरुपद्रवी भासतें. मला तें तसें वाटत नाहीं. 'ट्यूनिंग' या एका नांवाखालीं तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, आणि गिऱ्हाईक बहुधा तिन्ही एकदम घेऊन येतें.

पहिली, गिअर केव्हां बदलावा. इंजिनाच्या मर्यादेच्या आंत राहून तो थोडा उशिरां बदलला, किंवा घाटांत खालचा गिअर लवकर दिला, तर पेट्रोल जास्त जळेल. पेटीचें फारसें बिघडत नाहीं. दुसरी, कसा बदलावा: पकडीचा दाब, तिला लागणारा वेळ, मधला पीळ किती कमी करावयाचा. येथें हात शहाणा हवा. दाब वाढविला आणि पिळाची कपात काढून टाकली, तर क्लच वाचवितां वाचवितां दाते दुखावतात. तिसरी गोष्ट सर्वांत धोक्याची: पिळाची मर्यादा उठविणें. या डीएसजी पेटीची प्रसिद्ध मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे. मूळच्या १७५ शीं ताडून पाहतां ७५ चा अवकाश राहतो. अनेकजण गिअरबॉक्सबरोबर इंजिनाचीही आज्ञावली बदलून पीळ वाढवितात, आणि तो अवकाश खाऊन टाकतात. तशांत हिचे क्लच कोरडे. उष्णता वाहून नेण्यास तेल नाहीं. पुण्याच्या गर्दींत बोटभर पुढें, बोटभर पुढें सरकत राहणें त्यांना मोकळ्या रस्त्यावरील धांवेपेक्षां अधिक जाचक होतें.

आणखी एक गोष्ट या व्यवहारांत सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. वापरलेल्या गाडींत जाणवणारा झटका हा कारखान्याचा स्वभाव असेलच असें नाहीं. क्लच झिजत जातो तसतशी पकड कोठें बसते याची नोंद संगणक बदलत असतो; ती नोंद बिनसली कीं गाडी दचकूं लागते. ती जुळणी पुन्हां करून घेतल्यावर मूळची गाडी कशी चालते, हें आधीं पाहावें. रोग ओळखण्यापूर्वीं औषध कसलें द्यावयाचें?

कायद्याविषयीं थोडक्यांत सांगतों. मोटार वाहन अधिनियम, १९८८, याचें कलम ५२ नोंदणींतील तपशिलाशीं विसंगत फेरबदल करण्यास मनाई करतें. आज्ञावली डोळ्यांना दिसत नाहीं, परंतु विमा कंपनीस फेरबदल कळवावा लागतो. आणि जिची हमी शिल्लक आहे अशा गाडीची हमी हातची जाण्याचा संभव असतो.

हें सर्व मीं पुतण्यास लिहून पाठविलें. आठ दिवसांनीं त्याचा फोन आला. त्यानें आधीं जुळणी करून घेतली होती. निम्मी तक्रार तेथेंच मिटली, असें तो म्हणाला. मूळ आज्ञावलीची प्रत जपून ठेवण्याच्या अटीवर तो केवळ 'केव्हां' एवढेंच बदलून घेणार आहे. पिळाच्या मर्यादेस हात लावावयाचा नाहीं, असें त्यानें कारागिरास बजावलें आहे. पुढच्या दिवाळींत तो मला त्याच गोरेगांवच्या रस्त्यानें नेणार आहे, आणि या खेपेस माझी वहिनी, म्हणजे त्याची आई, मागच्या आसनावर असणार आहे. तिला मोटार लागते.