आठची मालिका, आता केव्हाही

घरातील ज्येष्ठांना एकदा सहज विचारून पाहा, की रात्रीची गोळी आपण नेमकी किती वाजता घेता? पुष्कळ घरांत उत्तर घड्याळातले मिळत नाही. ‘आठची मालिका संपली की’, ‘बातम्या लागायच्या आधी’, ‘हिचा कार्यक्रम सुरू झाला की मी डोळ्यांत थेंब घालतो’, अशी उत्तरे येतात. निवृत्त माणसाच्या घरात दूरचित्रवाणी हेच एक घड्याळ असते आणि भिंतीवरच्या घड्याळापेक्षा ते अधिक निष्ठेने पाळले जाते. गच्चीवरची डिश आणि तिला जोडलेला रेकॉर्डिंगचा बॉक्स बंद करून इंटरनेटवरची सेवा घ्यावी, असा विचार आपल्या घरी चालू असेल, तर तो केवळ दरमहाच्या खर्चाचा प्रश्न समजू नये. त्या बदलाबरोबर औषधांच्या वेळा, झोप आणि जेवणही हलू शकते.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून लोहमार्गाने उल्हासनगर ५८, अंबरनाथ ६० आणि बदलापूर ६८ किलोमीटरवर आहे. घरातील कमावती मंडळी सकाळीच लोकल पकडतात आणि परततात ती दिवेलागणीनंतर बऱ्याच वेळाने. मधले दहा-बारा तास घरात वडीलधारी माणसे आणि त्यांना सोबत करणारा टीव्ही. सकाळी अकरा वाजता पडदा काळा पडला आणि त्यावर इंग्रजीत काही अक्षरे उमटली, तर ते सोडवणारा मुलगा त्या वेळी दादरला असतो. दुपारभर शांत राहिलेल्या त्या घरात संध्याकाळी चिडचिड दिसली, तर तिचे कारण स्वभावात शोधू नये.

आजचे सत्तरीतले वाचक मुंबई दूरदर्शनबरोबर प्रौढ झालेले आहेत. २ ऑक्टोबर १९७२ रोजी ते केंद्र सुरू झाले. पुढच्या आठवड्यात काय दिसणार हे ‘साप्ताहिकी’ सांगत असे आणि त्याप्रमाणे स्वयंपाक आवरला जाई. केंद्राने ठरवलेली वेळ प्रेक्षकाने पाळायची, असा तो रिवाज होता. पुढे केबल आली, २००३ पासून घरोघर डिश बसू लागल्या आणि २००८च्या सुमारास रेकॉर्डिंग करणारे बॉक्स बाजारात आले. उपनगरापलीकडच्या या गावांना तो बॉक्स फारच मानवला. उशिरा येणाऱ्या माणसासाठी ताट झाकून ठेवावे, तशी मालिका त्याच्यासाठी झाकून ठेवता येऊ लागली. मात्र एक गोष्ट त्या बॉक्सने बदलली नाही. मालिका आठलाच लागत होती. ज्यांना शक्य होते ते आठलाच बसत होते.

इंटरनेटवरच्या सेवेत ‘लागणे’ हा प्रकारच बहुतांशी उरत नाही. तिथे कार्यक्रम आपली वाट पाहत बसलेला असतो. लोक तिकडे वळत आहेत हे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आकड्यांवरूनही दिसते. डिशवरून टीव्ही पाहणारे सक्रिय ग्राहक २०२०च्या अखेरीस सुमारे ७ कोटी होते. २०२५च्या मार्चपर्यंत ते ६ कोटींच्या खाली आले. तेव्हा आपल्या घरी हा बदल आज नाही तर उद्या येणारच आहे, असे धरून चालणे बरे.

त्याची पहिली तयारी पडद्याशी नव्हे, औषधांच्या डब्याशी करावी. कोणती गोळी कोणत्या कार्यक्रमाशी बांधलेली आहे, याची एक यादी करा. काचबिंदूचे थेंब ठरावीक अंतरानेच घालावे लागतात. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन यांचे नाते जेवणाशी असते. मालिका ‘केव्हाही’ पाहता येऊ लागली की जेवण सरकते, आणि जेवणामागून औषधही. म्हणून नवी सेवा सुरू करण्याच्या दोन आठवडे आधीच औषधे मालिकेपासून सोडवून घ्या. ती जेवणाशी, देवासमोर दिवा लावण्याशी किंवा साध्या गजराच्या घड्याळाशी जोडा. कोणते औषध कशाशी जोडलेले चालेल, हे मात्र आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

दुसरी गोष्ट झोपेची. जुनी मालिका ऐन रंगात आली की संपत असे आणि पुढचे उद्या, हे निमूटपणे मान्य करावे लागे. ते ‘उद्या’ हे झोपेचे फार मोठे संरक्षण होते. आता एक भाग संपताच काही सेकंदांत पुढचा आपोआप सुरू होतो. रिमोट शोधेपर्यंत कथानक पुढे गेलेले असते आणि मग एवढा भाग पाहूनच झोपू असे वाटते. वयानुसार झोप मुळातच हलकी झालेली असते. तिच्यातले दोन तास असे गेले की दुसऱ्या दिवशी चक्कर, विसराळूपणा, वाढलेला रक्तदाब यांची तक्रार सुरू होते आणि टीव्हीवर कोणाचा संशयही जात नाही. बहुतेक सेवांत हे आपोआप पुढे जाणे बंद करता येते. सेटिंगमध्ये त्याला ‘ऑटोप्ले’ म्हणतात. जोडणी करून देणारा माणूस घरात असतानाच ते बंद करून घ्या. नंतर ते राहून जाते.

जाहिरातींना आपण आयुष्यभर नावे ठेवली. त्यांचा एक उपकार मात्र मान्य करायला हवा. जाहिरात लागली की माणूस उठत असे. कुकर लावणे, पाणी पिणे, लघवीला जाणे, गॅलरीत डोकावणे हे सारे त्या अवकाशात होई. बिनजाहिरातीच्या सेवेत तास-दीड तास बैठक मोडत नाही. पाय सुजतात, गुडघे आखडतात, आणि सगळ्यांत घातक म्हणजे लघवी रोखून धरली जाते. मग एकदम घाई होते. अंधारलेल्या खोलीत, आखडलेल्या पायांनी, मधल्या टिपॉयला वळसा घालून जाताना तोल जातो. पडण्यामागे अशी घाई पुष्कळदा असते. नव्या रिमोटवरचे सर्वांत महत्त्वाचे बटण चालू-बंद करण्याचे नव्हे, थांबवण्याचे आहे. आजी-आजोबांना प्रथम तेच शिकवा. ‘थांबवले तरी काही चुकत नाही, परत तिथूनच सुरू होते’ हे त्यांना पाच-सहा वेळा प्रत्यक्ष करून दाखवा, कारण सांगून ते पटत नाही. अर्ध्या तासाने एकदा थांबवून उठावे, खोलीत मंद दिवा ठेवावा आणि टीव्हीपासून संडासापर्यंतची वाट मोकळी असावी.

या भागात पावसाचा विचार वेगळा करावा लागतो. डिशला मिळणारा संदेश विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडून येतो. त्याच्या लहरी इतक्या आखूड असतात, की दाट पावसाचे थेंब त्या शोषून घेतात. म्हणून मुसळधार सुरू झाली की चित्र चौकोनी तुकड्यांत फुटते आणि मग जाते; रेकॉर्डिंगलाही तेवढी भोके पडतात. जमिनीवरून येणाऱ्या फायबरला पावसाचे असे वावडे नाही. पण तो फायबर इमारतीवरून इमारतीवर, खांबावरून खांबावर लोंबत आलेला असतो, आणि वीज गेली की घरातील राउटर गप्प होतो. २६ जुलै २००५चा पूर या गावांनी पाहिला आहे. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पाण्यात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारांवर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा दिवशी घरी एकट्या असलेल्या माणसाला मालिका नको असते, बातमी हवी असते. मुलगा कोठे अडकला आहे हे कळायला हवे असते. राउटरला लावायचा बॅटरीचा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्यावा. मोबाइलवरचे इंटरनेट तेवढा वेळ चालू राहील. आणि त्याहून जुना, त्याहून भरवशाचा उपाय म्हणजे सेलवर चालणारा रेडिओ. तो कपाटात नव्हे, हाताशी असावा.

घरात विस्मरणाचा आजार असलेले कोणी असेल, तर घाई अजिबात करू नका. अशा माणसाला नवी गोष्ट शिकणे अवघड जाते. मात्र वर्षानुवर्षे हाताला सवय असलेली बटणे पुष्कळ दिवस लक्षात राहतात. जुना रिमोट काढून घेणे म्हणजे त्याच्या हातातील उरलेल्या थोड्या स्वातंत्र्यातून एक वाटा काढून घेणे होय. दिवस मावळताना अस्वस्थता वाढणे या आजारात नेहमीचे आहे. त्या वेळी ओळखीचा आवाज, ओळखीचे शीर्षकगीत पडद्यावर असले की मन थाऱ्यावर राहते. नव्या सेवेच्या पहिल्या पानावर चौकटीच चौकटी, त्यांत हलणारी चित्रे, मारामारीच्या झलकी. निरोगी माणूसही तिथे गोंधळतो. शस्त्रक्रियेनंतरचे दिवस, घरातील मृत्यू, मोतीबिंदूचे ऑपरेशन, अशा काळातही हा बदल टाळावा.

शक्य असेल तर दीड-दोन महिने जुने आणि नवे दोन्ही चालू ठेवा. जास्तीचे दोन रिचार्ज हा त्यातला खर्च. तो वाया गेला असे मानू नये. डिशही चालेल आणि इंटरनेटवरच्या सेवाही दिसतील, असे दुहेरी बॉक्स मिळतात. ज्यांना मोजकेच पाहायचे आहे, त्यांच्यासाठी प्रसार भारतीची डीडी फ्री डिश आहे. तिला दरमहा पैसे लागत नाहीत आणि सह्याद्री वाहिनी तिच्यावर दिसते. क्रिकेटच्या शौकिनांनी एक लक्षात ठेवावे. इंटरनेटवरचे थेट प्रक्षेपण काही सेकंद मागे असते. शेजारच्या डिशवाल्या घरातून आरोळी आधी ऐकू येते आणि आपला षटकार नंतर दिसतो. ज्यांना हे चालणार नाही, त्यांना आग्रह करू नये.

जुन्या बॉक्समध्ये काय साठवलेले आहे, तेही पाहून घ्या. ते रेकॉर्डिंग सहसा त्याच बॉक्सवर दिसते. दुसरीकडे उतरवून घेता येत नाही, आणि रिचार्ज संपल्यावर अनेकदा उघडतही नाही. कुणी कीर्तने जपून ठेवलेली असतात, कुणी नाटके. दिवंगत पतीने स्वतःच्या हाताने साठवलेला एखादा सामना असतो, जो त्या बाई कधी पाहत नाहीत, पण पुसूही देत नाहीत. तरुण मंडळींना ती बॉक्समधली अडगळ वाटते. बॉक्स बंद करण्यापूर्वी शेजारी बसून ती यादी एकत्र वाचावी. जे इंटरनेटवर सापडेल ते शोधून ठेवावे. जे सापडणार नाही, ते एकदा सोबत पाहावे.

आता पैशांचे आणि फसवणुकीचे. बहुतेक खाती मुलाच्या क्रमांकावर उघडली जातात आणि परवलीचा संकेतांक त्याच्याच मोबाइलवर येतो. परिणाम असा, की खाते मध्येच बंद पडले तर आई-वडिलांना तो फोन उचलेपर्यंत थांबावे लागते. त्यांच्याकडे मोबाइल असेल आणि ते तो वापरत असतील, तर खाते त्यांच्याच क्रमांकावर असू द्या. वर्गणी बँकेतून आपोआप वळती होत असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे रक्कम वळती होण्याच्या किमान २४ तास आधी संदेश यावा लागतो. तो संदेश घरात कोण वाचणार, हे ठरवून ठेवा. टीव्ही बंद पडल्यावर इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’चा क्रमांक शोधू नका, तिथे भामट्यांनी पेरलेले क्रमांक असतात. ‘मोबाइलवर एक ॲप घ्या, मी तुमचा पडदा पाहून दुरुस्त करतो’ असे कोणी म्हणाले की फोन ठेवून द्यावा. खरा क्रमांक बिलावरून पाहून मोठ्या अक्षरांत टीव्हीच्या बाजूला चिकटवावा, आणि त्याखाली सायबर फसवणुकीसाठीचा १९३० आणि ज्येष्ठ नागरिकांच्या मदतीसाठीचा १४५६७ हे दोन्ही लिहावेत.

राहता राहिली अक्षरांची अडचण. मराठी शाळेत शिकलेल्या आजींना पडद्यावरची इंग्रजी नावे वाचणे जड जाते. उल्हासनगरच्या छावण्यांत फाळणीनंतर वसलेल्या सिंधी कुटुंबांतील सर्वांत वयोवृद्ध पिढी तर अरबी वळणाच्या सिंधी लिपीत शिकलेली. तिला देवनागरीही नंतर आली. यांच्यासाठी रिमोटवरचे माइकचे बटण हा खरा आधार आहे. ते दाबून मराठीत किंवा हिंदीत कार्यक्रमाचे नाव उच्चारले की पुष्कळदा तो सापडतो. त्या बटणावर नखरंगाचा लाल ठिपका द्या. अनेक रिमोटवर बोलणे होईपर्यंत ते दाबून धरावे लागते, आणि नेमके तेवढेच सांगायचे राहून जाते.