सुटीतील हस्तकला : साहित्य घरचे, हात मुलांचे

उन्हाळ्याची सुटी लागली, की पाळणाघरांतील मुलांना दिवसभर गुंतवायचे कसे, हा प्रश्न उभा राहतो. त्यासाठी महागडे साहित्य आणण्याची गरज नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा परिसरातील पाने, बिया, शंख-शिंपले हीच शिक्षणाची साधने मानली.

बेंदराला मातीचे बैल पुजणाऱ्या कोल्हापुरात तर उत्तम साधन हाताशीच आहे. कुंभाराकडील मळलेल्या मातीचा लहानसा गोळा ३ ते ५ वर्षांच्या मुलाला पुरतो. माती वळताना, थापताना, चिमटीने शिंगे काढताना बोटांत बळ येते. पुढे पेन्सिल धरताना तेच उपयोगी पडते. भेंडी आडवी कापून बिटाच्या रसात बुडवली, की कागदावर फूल उमटते. जुन्या वर्तमानपत्राचे कपटे कणकेच्या खळीने चिकटवले, की माशाला खवले येतात.

कापण्याचे काम मोठ्यांनीच करावे. चिंचोके, मणी अशा घशात अडकणाऱ्या वस्तू ३ वर्षांखालील मुलांना देऊ नयेत.

खरी चूक होते ती पुढेच. पालकांना दाखवण्यासाठी वस्तू सुबक हवी, म्हणून ताईच मुलाचा बैल पूर्ण करतात. बैल देखणा होतो. मूल मात्र 'मला जमत नाही' एवढेच शिकते. बैल तीन पायांचा झाला, तरी तो मुलाचा असू द्यावा. पालकांनीही 'हे काय?' असे विचारण्याऐवजी 'कसे केलेस?' असे विचारावे.