रिद्धपूरच्या तव्यावर फाहिता

आठवड्याच्या मधल्या वारी रात्री काय करायचं, हा प्रश्न वऱ्हाडात बहुतेक घरी झुणका-भाकरीवर येऊन सुटतो. कांदा चिरा, फोडणी द्या, बेसन भुरभुरा, झाकण ठेवा; ताटं मांडेपर्यंत झुणका तयार. एवढी सोय घरात असताना फाहितासारखा परका पदार्थ मधेच कशाला, असं कोणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. तोही याच जातीचा पदार्थ आहे. दिवसभर राबून आलेल्या माणसाने तापल्या लोखंडावर दहा मिनिटांत उरकायचा. शहरातल्या हॉटेलांनी त्याला धूर सोडणाऱ्या तबकात बसवून वाजतगाजत टेबलावर आणलं आणि भाव चढवला, तो भाग वेगळा.

हा पदार्थ अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात, रिद्धपुरात रांधायचा झाला तर काय होईल, ते पाहू. पहिली अडचण स्टेकची. मूळ फाहिता गोमांसाचा. महाराष्ट्रात तो प्रश्न कायद्यानेच निकालात काढला आहे. १९९५ साली विधिमंडळाने मंजूर केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची मान्यता मिळाली आणि गायीबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैस त्यात येत नाही. पण रिद्धपुरात कायद्यापर्यंत जायचीही गरज नाही. हे गोविंदप्रभूंचं गाव, चक्रधरस्वामींच्या गुरूंचं. म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं ते इथल्या वाजेश्वरीत, आणि आता मराठी भाषा विद्यापीठही इथेच आहे. महानुभाव पंथात मांस आणि मद्य दोन्ही वर्ज्य. गावात सगळेच पंथाचे नाहीत, तरी पाहुण्यांसह पंगत बसवायची तर शाकाहारीच बरी.

स्टेक वगळण्याआधी तो फाहितात आला कसा, हे माहीत असलेलं बरं. टेक्सासच्या दक्षिणेला, रिओ ग्रांदे नदीच्या बाजूला, गुरांची मोठमोठी कुरणं होती. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात तिथल्या मेक्सिकन गुराख्यांना मजुरीचा काही भाग मांसात मिळे, आणि तोही मालकाला नको असलेला: मुंडी, आतडी, कातडं, आणि छाती-पोटाच्या मधल्या पडद्याची एक लांबट पट्टी. ही पट्टी चवीला उत्तम, पण चिवट. तिचे धागे जाड आणि लांब. गुराख्यांनी ती निखाऱ्यावर झटपट भाजली, धाग्याला आडवी चिरली आणि गव्हाच्या पातळ पोळीत गुंडाळली. पुढे १९६९ च्या सप्टेंबरात काइल नावाच्या छोट्या गावातल्या मेक्सिकन सणाच्या जत्रेत सनी फाल्कन नावाच्या मांसविक्रेत्याने तिचा ठेला लावला. १९७३ मध्ये ह्यूस्टनला निन्फा लॉरेन्झो या बाईंनी आपल्या छोट्याशा उपाहारगृहात तशाच भाजलेल्या मांसाच्या गुंडाळ्या विकायला सुरुवात केली. १९८२ मध्ये ऑस्टिनच्या हयात रीजन्सी हॉटेलात फाहिता चरचरत्या लोखंडी तबकात आला आणि मग देशभर पसरला. ज्या पट्टीला कोणी विचारत नव्हतं ती महाग झाली.

मराठी माणसाने हा इतिहास वाचून नुसतं पुढे जाऊ नये. आपल्या गावगाड्यातही नको असलेलं मांस एका ठरावीक वस्तीच्या वाट्याला जायचं. मेलेलं जनावर ओढून न्यायचं काम ज्यांच्या गळ्यात मारलेलं होतं, तेच त्याच्या मांसाचे हक्कदार. ते एका दिवसात संपणारं नसे, म्हणून त्याच्या लांब पट्ट्या कापून उन्हात वाळवत, त्या चान्या. मराठवाड्यातल्या या स्वयंपाकाची नोंद शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात केली आहे. डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मृत जनावराचं मांस सोडा, असं सांगितलं, ते त्यामागच्या लाचारीकडे बोट दाखवून. टेक्सासच्या गुराख्यांची पट्टी पंचतारांकित झाली, चान्यांच्या नशिबी तसं काही आलं नाही. पाककृतीच्या पानावर हे सहसा छापलं जात नाही, म्हणून इथे लिहिलं.

आता स्टेक काढून टाकल्यावर फाहितात उरतं काय? माझ्या मते जे खरं ते सगळं उरतं, म्हणजे धग आणि काप.

धगीचं आधी. भाज्या किंवा मांस तव्यावर तांबूस-तपकिरी होतं आणि खमंग वास सुटतो, ती किमया साधारण १४० अंशांच्या पुढे वेगाने सुरू होते. पाणी मात्र १०० अंशांनाच उकळतं, आणि जोवर तव्यावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान त्याच्या फारसं वर जात नाही. घरोघरी फाहिता फसतो तो इथेच. दोन किलोचा ऐवज एकदम कढईत टाकला की भाज्यांना पाणी सुटतं, सगळं त्यात शिजतं आणि हाती येते ती ढोबळ्या मिरचीची ओली भाजी. उपाय तीन: फोडी कोरड्या हव्यात, तवा धूर सोडण्याच्या बेताला आलेला हवा आणि एका वेळी तव्याचा तळ दिसेल इतकंच टाकायचं. दोन-तीन खेपा कराव्या लागल्या तरी एकूण वेळ कमीच लागतो. भांडं लोखंडी किंवा बिडाचं घ्यावं. जाड लोखंड धग साठवून ठेवतं, गार फोडी पडल्या तरी लगेच निवत नाही. नॉनस्टिक तव्याला मात्र या कामातून सुट्टी द्यावी. त्याचा लेप २६० अंशांच्या पुढे बिघडायला लागतो आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर तिथवर लवकर पोचतो.

स्टेकच्या जागी बहुतेक जण पनीर घेतात. पनीर चालतं, पण त्यात मला फार अर्थ वाटत नाही. ते वितळत नाही हे खरं, बाहेरून छान डागही पडतात. मुरवण मात्र त्याच्या आत जवळजवळ शिरतच नाही. वांगं घ्यावं तर ते तेल पिऊन बसतं आणि मऊ पडतं. वऱ्हाडात वांग्याचं भरीत व्हावं, तेच त्याचं खरं काम. माझं मत सोयाबीनच्या वड्यांना. विदर्भाच्या वावरात सोयाबीन मोप पिकतं, पण घरात त्या वड्यांकडे गरिबाचं मटण म्हणून पाहिलं जातं आणि रश्शात बुडवून त्यांचा लगदा केला जातो. तेल काढून उरलेल्या सोयापिठापासून या वड्या होतात, त्या आतून जाळीदार असतात. गरम मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून मुठीत घट्ट, अगदी घट्ट पिळल्या की त्या जाळीत जागा होते, आणि मग जे मुरवण घालाल ते थेट आत जातं. मांसात मुरवण वरच्या थोड्याशा थरातच शिरतं; इथे वडी स्टेकच्या पुढे जाते. पिळलेल्या मोठ्या वड्या उभ्या चिरून पट्ट्या कराव्यात.

ज्यांच्याकडे मांसाहार चालतो त्यांनी कोंबडीच्या मांडीचं बिनहाडाचं मांस घ्यावं. मटणाच्या नादी लागू नये. आपल्याकडचं बोकडाचं मटण मंद आचेवर तास-दीड तास शिजून मऊ होणारं आहे, चार मिनिटांच्या धगीत ते वादीसारखं होतं. कोंबडी शिजल्यावर पाच मिनिटं तशीच ठेवून मग धाग्याला आडवी चिरायची. आडव्या कापाने लांब धागे तुटतात आणि दाताला काम कमी पडतं.

मुरवणात रिद्धपूरला कोणाकडे हात पसरायला नको. मोर्शी-वरुडच्या पट्ट्याला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात ते संत्र्यामुळे, आणि टेक्सासकडच्या कित्येक घरी फाहिताच्या मुरवणात लिंबाबरोबर संत्र्याचा रस पडतोच. आपलं नागपुरी संत्रं त्यांच्यापेक्षा पातळ सालीचं आणि रसाळ. आंबिया बहाराची फळं हिवाळ्याच्या तोंडाशी येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला. चौघांसाठी एका संत्र्याचा रस, एका लिंबाचा रस, ठेचलेल्या लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, एक चमचा भाजून कुटलेलं जिरं, एक चमचा तिखट, मीठ आणि दोन मोठे चमचे तेल. एवढं १०० ग्रॅम सुक्या सोयावड्यांना किंवा पाव किलो पनीरला पुरतं. रस हाताने पिळावा. मिक्सरमध्ये बिया फुटल्या की कडवटपणा उतरतो, आणि संत्र्याचा रस नुसता ठेवून दिला तरी काही वेळाने कडू होत जातो, त्यामुळे सकाळी काढलेला रस रात्रीपर्यंत ठेवू नये. संत्र्यातल्या साखरेने रंग लवकर येतो आणि करपतंही लवकर, म्हणून तव्यावर टाकण्याआधी फोडींवरचं जादा मुरवण निथळू द्यावं. निथळलेलं टाकायचं नाही. वड्या किंवा पनीर असेल तर शेवटी तेच तव्यावर शिंपडायचं. कच्च्या कोंबडीचं असेल तर मात्र खळखळून उकळल्याशिवाय पोटात जाऊ देऊ नये.

दोन ढोबळ्या मिरच्या आणि दोन कांदे उभे चिरावेत, बोटाएवढे रुंद. फार बारीक केले तर करपतात. आधी मिरची आणि कांदा खेपा करून भाजायचे, प्रत्येक खेप तीन-चार मिनिटं, हलवण्याची घाई न करता. एका बाजूने काळसर ठिपके पडले पाहिजेत आणि आत करकर राहिली पाहिजे. ते बाजूला काढून वड्या. शेवटी सगळं एकत्र, लिंबू, वरून सांबार. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, त्यात डाळ शोधू नये.)

आता गोविंदप्रभूंकडे पुन्हा एकदा वळावंसं वाटतं, कारण त्यांच्या लीळांमध्ये खाण्यापिण्याच्या गोष्टी पानोपानी आहेत. कोणाच्याही घरात शिरावं, दिसेल ते मागावं, आवडेल ते खावं. तेराव्या शतकातल्या रिद्धपूरच्या त्या घरांमध्ये मिरची मात्र कुठेच नव्हती. तिखटपणा मिऱ्यांचा आणि आल्याचा. त्याआधीच्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वर राजाने ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात मांस भाजण्याच्या किती तरी रीती आहेत, पण मिरची तिथेही नाही. मिरची, ढोबळी मिरची, टोमॅटो, मका, शेंगदाणा हे सगळं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीज जहाजांचं येणं-जाणं सुरू झाल्यावर, सोळाव्या शतकापासून, हळूहळू आपल्याकडे आलं. ढोबळी मिरची आणि ठेच्याची मिरची एकाच जातीच्या वनस्पती, फक्त ढोबळीत तिखटपणा आणणारं द्रव्य नाही. उलट बाजूने गहू, कांदा, लसूण, जिरं, लिंबू आणि गुरंढोरंसुद्धा स्पॅनिश लोकांबरोबर मेक्सिकोत गेली. म्हणजे वऱ्हाडातला जेवढा माल फाहितात आहे तेवढाच मेक्सिकोचा माल आपल्या ठेच्यात आहे. शुद्ध वऱ्हाडी जेवणाचा अभिमान जरूर असावा, पण त्या ताटातून मिरची आणि शेंगदाणे उचलून घेतले तर जेवायला कोण बसेल, मला शंका आहे.

सोबतीला सालसा विकत आणू नये. भेदराची (टोमॅटोची) चटणी म्हणजे तोच प्रकार. दोन-तीन पिकली भेदरं आणि दोन हिरव्या मिरच्या थेट जाळावर साल काळी पडेपर्यंत भाजायच्या, साल अर्धवट सोडायची, लसूण आणि मीठ घालून खलबत्त्यात भरड कुटायचं. मेक्सिकोतही बायका मातीच्या किंवा लोखंडी तव्यावर टोमॅटो-मिरची अशीच भाजतात आणि दगडी उखळीत कुटतात. आंबट साय हवी असेल तर दही तासभर फडक्यात टांगून ठेवावं.

राहिली पोळी. दक्षिण टेक्सासची पोळी गव्हाचीच, मक्याची नव्हे, त्यामुळे आपला फुलका तिथे सहज बसतो. घडीची पोळी नको, पदर सुटून आतला ऐवज मांडीवर येतो. कणकेत थोडं जास्त मोहन घालून, कोमट पाण्यात मऊ भिजवून, अर्धा तास झाकून ठेवलेला फुलका गुंडाळताना फाटत नाही. ज्वारीची भाकर गुंडाळायला जाऊ नये. ज्वारीत गव्हासारखा चिकट धागा नसतो. गरम पाण्याच्या उकडीमुळे पीठ एकत्र राहतं तेवढंच, दुमडली की चिरते. पण घरात भाकर झालीच असेल तर तिचा घास मोडून तव्यावरच्या फोडी उचलाव्यात. चव कमी लागत नाही. मला तर तशीच जास्त आवडते.

मधल्या वारी हे जमवायचं असेल तर चिरणं सकाळी उरकावं. कांदा-मिरची डब्यात कोरडी राहते, वड्या भिजवायला संध्याकाळची दहा मिनिटं पुरतात, मुरायला अर्धा तास, आणि तेवढ्यात कणीक भिजते. गॅसवर एका शेगडीवर फुलके, दुसरीवर तवा. उन्हाळ्यात संत्रं मिळत नाही तेव्हा लिंबू दीडपट घ्यावं आणि सुपारीएवढा गूळ विरघळवून घालावा, म्हणजे रंगही येतो. उरलेल्या फोडी दुसऱ्या दिवशी डब्यात जातात, नाहीतर शिळी पोळी कुस्करून त्यात परततात.