आठशे नॅनोमीटरची खिडकी

बशीत स्तनाच्या कर्करोगाच्या मानवी पेशी वाढवलेल्या. त्यांवर काही मिनिटं लेझरचा झोत सोडला, मग जिवंत पेशी तेवढ्या हिरव्या उजळतील असा रंग घातला आणि बशी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. हिरव्या पसाऱ्यात मधोमध एक काळा गोल होता, झोत पडला होता तेवढाच. दुसऱ्या बशीत त्याच पेशी, तोच झोत, तेवढाच वेळ. पण तिथे सगळं हिरवंगार. फरक एकच होता. पहिल्या बशीतल्या पेशींत सोन्याचा मुलामा दिलेले अतिसूक्ष्म कण मिसळले होते.

ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातल्या नाओमी हॅलास, जेनिफर वेस्ट, लिऑन हर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग 2003 मध्ये प्रसिद्ध केला. गंमत म्हणजे हॅलास कर्करोगाच्या मागे लागल्याच नव्हत्या. त्या प्रकाशाच्या अभ्यासक. धातूच्या कणाने कोणता रंग शोषायचा, हे आपल्याला ठरवता येईल का, एवढंच त्यांचं कुतूहल.

सोनं पुरेसं बारीक केलं की पिवळं राहत नाही. मायकेल फॅरडेने 1857 मध्ये लंडनमध्ये सोन्याच्या सूक्ष्म कणांचं लालभडक पाणी करून दाखवलं होतं. प्रकाश पडला की कणातले इलेक्ट्रॉन एका तालात हेलकावे खातात आणि हिरव्या रंगाच्या आसपासचा प्रकाश गिळतात, म्हणून उरतो तो लाल. भरीव कणांचा हा ताल फारसा बदलता येत नाही. पण कण आतून सोन्याचा नसेल, वर फक्त सोन्याचं कवच असेल तर? अशा गोळ्यावर प्रकाश कसा विखुरेल याचं गणित एडन आणि कर्कर या दोघांनी 1951 मध्येच मांडून ठेवलं होतं. तसा गोळा बनवणं मात्र वेगळी गोष्ट.

आतला गाभा सिलिकाचा, म्हणजे काचेच्याच जातीचा. बर्फीवर वर्ख बसतो तसं सोनं काचेवर बसत नाही. हॅलास यांचा विद्यार्थी स्टीव्हन ओल्डनबर्ग आणि सहकाऱ्यांनी त्यावर तोड काढली. आधी सिलिकाच्या पृष्ठभागावर असे रेणू चढवले, ज्यांचं एक टोक सिलिकाला धरतं आणि दुसरं सोन्याला. त्यांवर एक-दोन नॅनोमीटरचे सोन्याचे दाणे चिकटवले. मग सोन्याच्या क्षाराचं द्रावण घालून ते दाणे वाढू दिले. दाण्यांची बेटं झाली, बेटं एकमेकांना भिडली आणि अखंड कवच तयार झालं. 1998 मध्ये हे प्रसिद्ध झालं. मला या सगळ्या कथेतला खरा शोध हाच वाटतो. पुढचं बरंचसं त्यातून ओघाने आलं. कारण गाभ्याच्या मानाने कवच जितकं पातळ, तितका कणाचा रंग तांबड्याच्या पलीकडे, अवरक्ताकडे सरकतो. जाडी ठरवली की रंग ठरला.

आणि अवरक्तातच ती खिडकी आहे. डोळ्यांना दिसणारा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन अडवतं, त्याहून फार लांब लहरी पाणी अडवतं. मधे, साधारण 700 ते 900 नॅनोमीटरच्या पट्ट्यात, दोघांचीही पकड सैल पडते आणि प्रकाश काही सेंटिमीटर आत शिरतो. कण आठशेच्या आसपास जुळवला, तर वाटेतल्या निरोगी मांसाला फारसं काही होणार नाही आणि कण मात्र तापेल.

जेनिफर वेस्ट जैवअभियंत्या. दोघींचं आधीचं काम औषधाचं होतं: जेलमध्ये हे कण मिसळायचे, प्रकाशाने जेल आकसवायचं आणि आतलं औषध बाहेर काढायचं. मग औषध तरी कशाला, उष्णताच पुरे, हा विचार पुढे आला. 2003 च्याच प्रयोगात उंदरांच्या गाठीत कण टोचले, एमआरआयने आतलं तापमान पाहत लेझर लावला. चार ते सहा मिनिटांत ते सरासरी 37 अंशांनी चढलं. कणांविना दहा अंशही नाही.

गाठीत सुई टोचणं सोपं. रक्तातून कण तिथे पोचायला हवेत. इथे जपानमधलं जुनं काम उपयोगी पडलं. हिरोशी माएदा आणि यासुहिरो मात्सुमुरा यांनी 1986 मध्ये दाखवलं होतं की घाईने वाढणाऱ्या गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात. मोठे रेणू त्यांतून झिरपतात आणि आत साठून राहतात. 2004 मध्ये कण उंदरांच्या शिरेतून सोडले, सहा तास थांबून गाठीवर बाहेरून लेझर धरला. त्या सगळ्या गाठी गेल्या आणि नव्वद दिवसांनंतरही उंदीर ठणठणीत होते. नुसता लेझर लावलेल्यांच्या गाठी वाढतच राहिल्या. 2005 मध्ये कणाचं माप असं साधलं, की तो थोडा प्रकाश परतवेल आणि थोडा गिळेल. वर कर्करोगाच्या पेशी ओळखणारी प्रतिपिंडं बसवली. त्या कणांनी पेशी आधी दाखवल्या आणि मग मारल्या.

माणसापर्यंत यायला मात्र वर्षं लागली. 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या अर्देशिर रस्तिनेहाद आणि सहकाऱ्यांनी प्रोस्टेटच्या 16 रुग्णांचा अहवाल दिला. निवड विचारपूर्वक होती. या ग्रंथीला खेटून नसा जातात आणि शस्त्रक्रियेत त्या दुखावल्या तर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता जाऊ शकते. आदल्या दिवशी शिरेतून कण, दुसऱ्या दिवशी एमआरआयच्या चित्रावर सोनोग्राफी जुळवून थेट गाठीत लेझरचा बारीक तंतू. 15 जणांवर उपचार पूर्ण झाला आणि या दोन्ही बाबतींत नंतर लक्षणीय घट दिसली नाही.

पण सोळा म्हणजे सोळाच, आणि तेही कमी-मध्यम धोक्याचे, रोग एका जागी असलेले. शिरेतून सोडलेल्या कणांपैकी बरेचसे गाठीत न जाता यकृत आणि प्लीहेत अडकतात. शिवाय प्रकाश न्यायला जागा ठाऊक असावी लागते. हाडांत, फुप्फुसांत विखुरलेल्या कर्करोगाला हा लेझर लावायचा तर कुठे?