मागावरची माणसं

सोलापूरच्या पूर्व भागात म्हातारी माणसं मोठ्यानं बोलतात. मागाच्या खडखडाटातून आवाज पोचवायची सवय लागलेली असते, ती घरी आल्यावर जात नाही आणि काम थांबल्यावरही जात नाही. माझे वडील असेच बोलतात. आजोबांचंही उतारवयात तसंच झालं होतं. दोघांनीही स्वतःबद्दल फार काही सांगितलं नाही, त्यामुळे त्यांच्याविषयी लिहायचं तर त्यांच्या कामाविषयीच लिहावं लागतं.

आजोबा, म्हणजे आमचे ताता, करीमनगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून इथे आले. निजामाचं राज्य संपून फार काळ झाला नव्हता. घर पद्मशाल्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या विणणारं. पण गावात सूत मिळेना आणि मिळालं तर लुगड्याला गिऱ्हाईक मिळेना. सोलापूरला तेलंगणातले विणकर त्यांच्या कितीतरी आधीपासून येत होते. 1877 साली इथे पहिली कापडगिरणी सुरू झाली, तिला लोक अजून ‘जुनी मिल’च म्हणतात. पुढे नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या भोवती हातमागांच्या पेठा वाढत गेल्या. काझीपेठ, सिकंदराबाद, वाडी असं गाड्या बदलत ताता उतरले तेव्हा स्टेशनाबाहेर त्यांना कन्नड आणि मराठी ऐकू आली. साखर पेठेत शिरल्यावर मात्र सगळीकडे तेलुगू. सोयऱ्यांच्या घरात एका मागापुरती जागा मिळाली, तिथेच ते झोपायचे.

तो खड्डामाग होता. जमिनीत कमरेएवढा खड्डा, त्याच्या काठावर बसायचं, पाय आत पावड्यांवर. पावडी दाबली की ताण्याचे अर्धे धागे वर जातात, अर्धे खाली राहतात, आणि मधल्या फटीतून धोटा पळतो. एक हात धोट्याच्या दोरीवर, दुसरा फणीच्या हत्यावर. आजी, म्हणजे आमची अव्वा, शेजारी रहाटावर कांड्या भरायची. सूत सावकाराचं, मजुरी नगावर. पावसाळ्यात खड्ड्याला ओल यायची, खळ लावलेला ताणा सर्द व्हायचा, धागे एकमेकांना चिकटायचे. त्या दिवसांत ताता मागाखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायचे.

पुढे यंत्रमाग आले आणि हातमागाची मजुरी परवडेनाशी झाली. चाळिशी ओलांडलेला, हातात कला असलेला माणूस शेडमध्ये नवशिक्या म्हणून उभा राहिला. यात किती मोठेपणा होता हे मला फार उशिरा कळलं. सोबत बारा वर्षांचा मुलगा होता, कांड्या भरायला. ते माझे नायना, म्हणजे वडील.

शेडमधले माग चादरीचे होते. चादरीचा माग समजून घ्यायचा तर मान वर करावी लागते. मागाच्या डोक्यावर उंच घोडीवर जकार्डची पेटी बसवलेली असते. तिच्यातून शेकडो दोऱ्या खाली येतात. प्रत्येक दोरीला एक डोळा, डोळ्यातून ताण्याचा धागा ओवलेला, आणि खाली दोरी ताठ राहावी म्हणून वजन. पेटीच्या बाजूला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ लोंबत असते. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याचा एक धागा. पुठ्ठा सुयांवर दाबला जातो. जिथे भोक असेल तिथली सुई आत जाते, तिचा आकडा जागेवर राहतो आणि पेटीतली पाती त्याला वर उचलते. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते, आकडा पातीवरून सुटतो आणि धागा खालीच राहतो. धोटा गेला की पुढचा पुठ्ठा. मोर, कमळ, वेलबुट्टी, चादरीवर जे काही उमटतं ते सगळं आधी चौकटीच्या कागदावर रंगवलेलं आणि मग पुठ्ठ्यावर भोकांनी लिहिलेलं असतं. फ्रान्समधल्या लिआँ शहरात रेशीम विणणाऱ्यांसाठी जोसेफ-मारी जकार यांनी 1804 च्या सुमारास ही रचना बसवली.

नायना शाळेत फार गेले नाहीत. पण ही भोकं त्यांना वाचता येतात. चादरीत खोट दिसली की ते आधी तिची दिशा बघतात. खोट लांबीत, उभ्या रेघेसारखी गेली असेल तर एखादा आकडा उचलत नाही किंवा दोरी तुटली आहे. आडवी असेल आणि प्रत्येक चादरीत त्याच जागी असेल तर पुठ्ठा खराब. मग ते माळ हातानं सरकवत नेतात, मोराच्या मानेपर्यंत येतात, एक पुठ्ठा उजेडाकडे धरतात. फाटलेल्या भोकावर कागदाची चकती चिकटवून माग पुन्हा सुरू. माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला बोलावण्याआधी बहुतेक दुरुस्त्या त्यांनी स्वतःच केलेल्या असायच्या, आणि त्या वेळेची मजुरी नसते, कारण त्या वेळात नग निघत नाही.

सोलापुरी चादर दुपदरी विणतात. दोन ताणे, दोन बाणे. नक्षी जिथे उमटते तिथे वरचा पदर खाली जातो आणि खालचा वर येतो. म्हणून एका बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर असेल तर उलटल्यावर पांढऱ्या जमिनीवर लाल मोर दिसतो. विणताना विणकराला फक्त वरची बाजू दिसते. खालची बाजू नायना हातानं बघायचे, चालत्या मागाखाली तळवा घालून. मी ते पाहिलं की घाबरायचो.

एका माणसाकडे दोन माग. दोन्हींच्या मधल्या बोळात उभं राहायचं, एकाकडे तोंड, दुसऱ्याकडे कान. कांडी संपत आली की ती संपण्याआधी माग थांबवायचा, धोटा काढायचा, नवी कांडी बसवायची. धागा धोट्याच्या भोकातून बाहेर काढायला जुने विणकर भोकाला तोंड लावून श्वासानं ओढायचे. तातांच्या आणि नायनांच्या पिढीनं असं किती सूत आणि किती खळीची धूळ आत घेतली असेल, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. तातांचा खोकला सगळ्या गल्लीला ओळखीचा होता. हा आजार कामाच्या जागेमुळे झाला असं त्यांच्या हयातीत कुणी लिहून दिलं असतं तर अव्वाला काही मिळालं असतं, असं मला आजही वाटतं आणि आजही राग येतो.

शेडमध्ये हजेरीपट नव्हता. मुकादमाच्या वहीत नावापुढे आठवड्याचे नग. आषाढात ताप आला तर तो आठवडा कोरा.

घर त्या नगांवर चाललं नसतं. आई आणि अव्वा मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या. तेंदूची पानं रात्री भिजवायची, पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापायची, तंबाखू भरून वळायची, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. पूर्व भागातल्या बहुतेक घरांचं गणित असंच होतं: माग पुरुषांचा, सूप बायकांचं. आणि आमच्या कुटुंबाला पहिलं स्वतःचं घर मिळालं ते आईच्या सुपामुळे. कुंभारीजवळ विडी कामगार महिलांसाठी कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत झाली, नरसय्या आडम मास्तरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले होते. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग तिच्या उद्‌घाटनाला आले. किल्ली आईच्या नावची. ताता तेव्हा थकले होते, तरी रिक्षानं गेले. नव्या खोलीत त्यांनी भिंतीपासून भिंतीपर्यंत पावलं मोजली आणि नायनांना सांगितलं की लांबीला माग बसेल, पण फरशी फोडावी लागेल. दोन वर्षांनी ते गेले.

त्याच काळात सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या अगदी पहिल्या काही वस्तूंमध्ये. नावाला संरक्षण मिळालं याचा मला आनंद आहे. तरी पानिपतच्या स्वस्त चादरी त्याच नावानं फूटपाथवर विकल्या जातात, आणि इथल्या कितीतरी शेडमध्ये चादर थांबून टॉवेल सुरू झाला. नव्या मागांना धोटा नाही. काही ठिकाणी पुठ्ठेही नाहीत, नक्षी संगणकातून उतरते. माझ्या वयाची मुलं पुण्याला गेली, मीही गेलो.

नायना आता पाळी करत नाहीत. पण जुन्या मागावर ताण्याचा बीम संपला की त्यांना सांधणीला बोलावतात. मागाच्या मागे पाटावर बसायचं, जुन्या ताण्याचं टोक आणि नव्या ताण्याचं टोक चिमटीत धरायचं, राखेत बुडवलेल्या बोटांनी पीळ द्यायचा, सोडायचं, पुढचं घ्यायचं. रंगांचा क्रम चुकला तर सगळी चादर चुकते, म्हणून ते बोलत नाहीत, आणि शेजारच्यालाही बोलू देत नाहीत. शेवटचा धागा झाला की जॉबर माग हळूहळू फिरवतो, पीळ एकेक करून डोळ्यांतून आणि फणीतून पुढे सरकतात. एखादा सुटतो, ते वाकून पुन्हा जोडतात. पुठ्ठ्यांची माळ एकदा पूर्ण फिरेपर्यंत ते तिथून हलत नाहीत. पहिली चादर निघाली की खाली तळवा घालून उलटी बाजू चाचपतात, मग हात पुसतात आणि मजुरी मागतात.