बाटलीवरील अक्षरें वाचावीं

अमेरिकेंत १९३३ सालीं दारूबंदी उठली. तरी पेन्सिल्व्हानिया राज्यांत व्हिस्की आजहि मुख्यतः सरकारी दुकानांतूनच घ्यावी लागते. तेथें घासाघीस नाहीं, शेजारीं प्रतिस्पर्धी दुकान नाहीं. दुर्मिळ बाटल्यांसाठीं तर सरकार चक्क सोडत काढतें! आम्ही मद्याचे पुरस्कर्ते नव्हों. परंतु ज्याला घ्यावयाचीच आहे त्यानें नांवाला भुलून दुप्पट पैसे कां मोजावे?

त्यानें बाटलीवर ‘बॉटल्ड इन बाँड’ हे शब्द शोधावे. पूर्वीं कोऱ्या मद्यार्कांत रंग व अर्क कालवून तो व्हिस्की म्हणून खपविला जाई. त्यावर उपाय म्हणून १८९७ च्या कायद्यानें ह्या शब्दांचा अर्थच बांधून दिला: माल एकाच भट्टीचा, एकाच हंगामाचा, सरकारी देखरेखीच्या वखारींत निदान ४ वर्षें मुरलेला, मद्यार्क ५० टक्के. शिवाय ‘बर्बन’ म्हटली कीं निदान ५१ टक्के मका व आंतून जाळलेलें नवें ओकचें पिंप हें आलेंच.

नुसतें ‘स्ट्रेट’ लिहिलें असून वय दिलें नसेल, तरीहि ती ४ वर्षांहून कोवळी नाहीं असें समजावें. कारण कोवळ्या मालाचें वय छापणें सक्तीचें आहे. एव्हन विल्यम्सची पांढऱ्या लेबलाची बाटली ‘बाँड’वालीच, आणि स्वस्तहि. उंची बाटल्यांच्या रांगेंत ती शोधूं नये; खालची फळी पाहावी.