फाटलेली कूर्चा : शस्त्रकर्म कोणास हवे, कोणास नको?

उतारवयातील गुडघेदुखीचा रुग्ण आज चिकित्सालयात येतो तो बहुधा एम.आर.आय.चा अहवाल हातात घेऊनच. अहवालात ‘मेनिस्कस टेअर’ असे शब्द असतात आणि प्रश्न ठरलेला असतो : “वैद्यराज, गादी फाटली म्हणतात, ऑपरेशन करू की तेल लावू?” या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर देणे धोक्याचे आहे, हे आम्ही स्वानुभवाने शिकलो आहोत. म्हणून हा विषय वैद्यबंधुभगिनी व औषधी-विक्रेते यांच्यापुढे मांडीत आहोत.

रचना व कार्य

मांडीचे हाड व नडगीचे हाड यांच्यामध्ये आतील व बाहेरील बाजूस एकेक अर्धचंद्राकृती कूर्चा असते. भार पसरविणे व सांध्यास स्थैर्य देणे हे तिचे कार्य. सुश्रुताचार्यांनी जानुसंधी कोर संधींत गणला असून जानुमर्माच्या आघाताने खंजत्व येते असे सांगितले आहे. तरुणास्थींची स्थाने सांगताना मात्र नाक, कान, मान व अक्षिकूट यांचा निर्देश आहे, जानूचा नाही. त्यामुळे येथे आधुनिक शारीराचा आधार घेणे क्रमप्राप्त आहे. या कूर्चेच्या बाहेरील कडेसच रक्तपुरवठा असतो. म्हणून कडेजवळची चीर टाके घातल्यास सांधू शकते. आतील भागातील चीर सहसा सांधत नाही.

झिजेची चीर

मध्यमवयानंतरची चीर बहुधा आघाताची नसून झिजेची असते. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे ५० ते ९० वर्षे वयाच्या ९९१ व्यक्तींची तपासणी करण्यात आली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ज्यांची कूर्चा फाटलेली आढळली, त्यांपैकी ६१ टक्के लोकांना मागील महिन्यात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता. म्हणजे चीर दिसली म्हणून वेदना तिचीच, असे म्हणता येत नाही.

अशा रुग्णांत दुर्बिणीद्वारे कूर्चेची काटछाट करण्याचा प्रघात फार वाढला होता. फिनलंडमध्ये सांध्याची झीज नसलेल्या १४६ रुग्णांपैकी काहींची काटछाट केली, तर काहींवर केवळ शस्त्रक्रियेचा देखावा केला. एका वर्षानंतर दोन्ही गटांच्या वेदनेत लक्षणीय फरक आढळला नाही (२०१३). नॉर्वेतील १४० रुग्णांत १२ आठवड्यांचा व्यायाम व काटछाट यांचा परिणाम दोन वर्षांनंतर सारखाच दिसला (२०१६). तेव्हा झिजेच्या चिरेस प्रथम व्यायाम, वजन-नियंत्रण आणि संधिगत वाताची आपली चिकित्सा देणे योग्य होय. अभ्यंग, स्वेदन, जानुबस्ती यांनी वेदना कमी झाली तरी मांडीच्या स्नायूंचा व्यायाम रुग्णाकडून नियमित करून घ्यावा.

टाके कोणास उपयोगी?

काटछाट निराळी आणि टाके घालून कूर्चा सांधणे निराळे. हे शिवण एडिंबरो येथे थॉमस ॲनंडेल यांनी १८८३ मध्येच केले होते. तरीही पुढे दीर्घकाळ कूर्चा काढून टाकण्याचीच पद्धत राहिली. कूर्चा काढलेल्या गुडघ्यात पुढे होणारे बदल फेअरबँक यांनी १९४८ मध्ये दाखविले, आणि कालांतराने कूर्चा राखण्याकडे कल वळला. केवळ वय अधिक आहे म्हणून टाके वर्ज्य ठरत नाहीत. सांध्याची झीज, पायाचा बाक, वजन व चिरेचे स्थान पाहून शल्यविद निर्णय घेतात. सांधा आधीच फार झिजला असल्यास टाक्यांचा लाभ होत नाही.

आतील कूर्चेचे मागील मूळ तुटणे हा प्रकार विशेष लक्षात ठेवावा. मूळ तुटले की कूर्चा जागेवरून बाहेर सरकते व भार पेलण्याचे तिचे कार्य जवळजवळ संपते. काही वर्षांपूर्वी पन्नाशीच्या एक भगिनी आमच्याकडे आल्या. जिना उतरताना गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज होऊन मागील बाजूस तीव्र वेदना सुरू झाली होती. आम्ही संधिगत वात समजून तीन महिने जानुबस्ती व गुग्गुळकल्प दिले. पुढे तपासणीत मूळ तुटल्याचे दिसले. तोवर सांधा इतका झिजला होता की टाक्यांची वेळ टळली होती. ही चूक आमची होती.

म्हणून पुढील लक्षणे दिसताच रुग्णास विनाविलंब अस्थिशल्यविदाकडे पाठवावे : उठता-बसता वा जिन्यावर आवाज होऊन एकाएकी सुरू झालेली वेदना, गुडघा अडकून पूर्ण सरळ न होणे, आघातानंतर काही तासांत आलेली सूज.

शस्त्रकर्माच्या आधी व नंतर

रुग्ण घेत असलेली सर्व आयुर्वेदीय औषधे शल्यविद व भूलतज्ज्ञांस लेखी कळवावीत. लसूण, हळद, गुग्गुळ यांच्या कल्पांनी रक्तस्राव वाढण्याची शक्यता असल्याने ते सामान्यतः दोन आठवडे आधी थांबविण्यास सांगतात. टाके घातल्यावर साधारण सहा आठवडे भार व वाकविणे यांवर मर्यादा असते; उकिडवे बसणे तर कित्येक महिने वर्ज्य. शल्यविदाच्या अनुमतीवाचून जानुबस्ती वा मर्दन करू नये. पोटरी सुजून दुखू लागल्यास ती चोळू नये; शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, म्हणून तातडीने रुग्णालयात पाठवावे.

औषधी-विक्रेत्यांस विनंती की, नामपट्टी नसलेल्या ‘रामबाण’ पुड्या दुकानात ठेवू नयेत. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. त्याने वेदना दबते आणि मूळ व्याधी वाढत राहते. तीन-चार वेळा तेच तेल नेणाऱ्या ग्राहकास ‘गुडघा अडकतो का?’ एवढे विचारले, तरी एखाद्याचा गुडघा वेळेवर शल्यविदाच्या हाती पडेल.